घोरपडे : एका आडनावाची चढाई

आज एकच आडनाव घेऊन बसलोय, घोरपडे. आणि बोलतोय होसकोट्यातून. ज्यांना हे गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्यानं पूर्वेला निघालात की कोलारच्या आधी आमचं गाव लागतं. हल्ली बंगळूरची तरुण मंडळी भल्या पहाटे इथं बिर्याणी खायला येतात, तेवढीच आमची कीर्ती. कन्नडमध्ये होस म्हणजे नवा आणि कोटे म्हणजे किल्ला. १५९५च्या सुमारास सुगटूरच्या तम्मे गौडानं इथं किल्ला बांधला. पुढे शहाजीराजांना विजापूरकरांनी कर्नाटकात जी जहागीर दिली, तिच्यात बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरा यांच्याबरोबर होसकोटेही होतं. घोरपड्यांचा इथं काय संबंध, ते सांगतोच. पण आधी शब्दाकडे बघू.

घोरपड म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. पण घोरपड स्त्रीलिंगी, अनेकवचन घोरपडी. मग आडनाव घोरपडे कसं? लांडगा-लांडगे, कोल्हा-कोल्हे या चालीवर. शेवटचा हा ए मला घराण्याचा ए वाटतो, एकट्यादुकट्याचा नव्हे, सगळ्या भाऊबंदांचा. ही खोड आपलीच आहे असंही नाही. इटलीत रॉसी हे सर्वांत जास्त आढळणारं आडनाव. रॉस्सो म्हणजे तांबडा. कुणातरी तांबड्या केसांच्या पूर्वजावरून पडलेलं ते नाव, आणि रॉसी हे त्याचं अनेकवचन. म्हणजे सरळ मराठीत 'तांबडे'. आपल्याकडे तांबडे आहेतच! मोटारीमुळे जगभर गेलेलं फेरारी म्हणजे लोहार. तेही आपल्याकडे आहेत.

आता घोरपडे नाव पडलं कसं? घराण्याची परंपरा सांगते की हे मूळचे भोसले. बहमनी राज्यात, महमूद गावानच्या कोकण मोहिमेत खेळणा किल्ला, म्हणजे आजचा विशाळगड, काही केल्या हाती येईना. तेव्हा कर्णसिंह नावाच्या भोसल्यानं घोरपडीच्या कमरेला दोर बांधून तिला कड्यावर सोडलं आणि त्या दोरावरून माणसं वर नेली. कर्णसिंह त्यात पडला. सुलतानानं त्याच्या मुलाला, भीमसिंहाला 'राजा घोरपडे बहादर' असा किताब दिला. साल सांगतात १४७१.

हीच गोष्ट तुम्ही सिंहगडाच्या पोवाड्यात, तानाजीच्या यशवंतीबद्दल ऐकलेली असणार. घोरपड फटीत पंजे रोवून बसली की हलत नाही हे खरं, पण पाचसहा किलोचं जनावर दोरावरच्या माणसाचं वजन पेलेल हे मला पटत नाही. आणि मुधोळच्या घराण्याकडच्या ज्या फर्मानांवर ही वंशावळ उभी आहे, त्यांच्या खरेपणाबद्दल इतिहासकारांत वाद झालेले आहेत. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की घोरपड्यांनी स्वतःच आपलं नाव जन्मानं आलेलं मानलं नाही. ते कमावलेलं आहे, अशीच आठवण त्यांनी जपली.

याच घराण्यातल्या मुधोळच्या बाजी घोरपड्यानं १६४८ मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांना कैद करण्यात पुढाकार घेतला. परंपरा खरी मानली तर हे भाऊबंदच. म्हणजे ज्यांच्या जहागिरीत आमचं गाव होतं त्यांना पकडणारा माणूसही मराठाच, आणि भोसले मुळाचा! पुढे शिवाजी महाराजांनी मुधोळवर चालून जाऊन त्याचा हिशेब चुकता केला. आणि त्याच आडनावाचे म्हाळोजी घोरपडे १६८९ मध्ये संगमेश्वरी संभाजी महाराजांना वाचवताना पडले. आडनावावरून माणसाची बाजू ठरवायची म्हटली तर इथं पंचाईतच होते.

म्हाळोजींचे पुत्र संताजी, कापशीकर घोरपडे. राजाराम महाराजांनी संताजींना ममलकतमदार आणि त्यांचे भाऊ बहिर्जी यांना हिंदुराव हे किताब दिले. संताजी महाराष्ट्रापेक्षा कर्नाटकात किती लढले हे आपल्या पुस्तकांत नीट येत नाही. १६९५ मध्ये चित्रदुर्गाकडच्या दोड्डेरीला त्यांनी कासिमखानाच्या मोगल फौजेला असं कोंडलं की खानाचा तिथंच अंत झाला. या धामधुमीत घोरपड्यांच्या शाखा पसरल्या त्या मुख्यतः कन्नड आणि तेलुगू मुलखात. मुधोळ, गजेंद्रगड, संडूर, गुत्ती. संडूरच्या घराण्यातले एम. वाय. घोरपडे १९७०च्या दशकात कर्नाटकाचे अर्थमंत्री होते आणि वन्यजीवांचे नामांकित छायाचित्रकारही. मुधोळ आज लोक कुत्र्यांमुळे ओळखतात. ती शिकारी जात मुधोळच्या राजांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली होती. मराठी मुलखाबाहेर हे आडनाव बडोद्यालाही आहे. बडोद्याचे जयसिंगराव घोरपडे भारतासाठी ८ कसोटी सामने खेळले.

पण सगळ्यांत गमतीची शाखा इचलकरंजीची. हे घोरपडे कोकणस्थ ब्राह्मण! मूळचे जोशी. नारो महादेव जोशी कापशीकर घोरपड्यांच्या पदरी वाढले, आणि कृतज्ञतेपोटी त्यांनी धन्याचंच आडनाव घेतलं. त्यांचे पुत्र व्यंकटराव घोरपडे हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे जावई, पहिल्या बाजीरावाच्या बहिणीचे, अनुबाईंचे पती. आडनाव सांगितलं की समोरचा मनातल्या मनात जात लावतो, ही आपली सवय. तिला घोरपडे हे मी पाहिलेलं सर्वांत चांगलं उत्तर आहे.

आता होसकोटे. गुत्तीचे मुरारराव घोरपडे १७६८ मध्ये हैदरअलीविरुद्ध इंग्रजांना येऊन मिळाले. बंगळूरला वेढा घालायची तयारी चालली होती आणि तळ पडला होता इथं, होसकोट्याला. ऑगस्टमधल्या एका रात्री हैदरनं मराठ्यांच्या छावणीवरच छापा घातला. मार्क विल्क्सनं म्हैसूरच्या इतिहासात त्याचं वर्णन केलंय. अंधारात आपला कोण, परका कोण? मुराररावांनी हुकूम सोडला की कुणीही घोड्यावर चढायचं नाही, आपापल्या घोड्यापाशी उभं राहायचं आणि जो घोड्यावर दिसेल त्याला कापायचं. घोड्यावर तो शत्रू, संपला प्रश्न. घोडदळावर नाव कमावलेल्या सरदारानं असा हुकूम देणं, याला डोकं लागतं. त्यातच मुराररावांचा हत्ती जखमी होऊन सुटला, साखळी सोंडेत धरून गरगरा फिरवत हैदरच्या स्वारांत घुसला, आणि ते स्वार मागं स्वतःच्याच पायदळावर रेटले गेले. छापा फसला. पण हैदर विसरला नाही. १७७६ मध्ये त्यानं गुत्ती घेतली, मुरारराव कैद झाले आणि कब्बालदुर्गाच्या तुरुंगात गेले, तिथंच वारले.

आता आमच्याकडची आजची गोष्ट. बंगळूर, होसकोटे, कोलार या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं पुष्कळ. पण इथली नावं लिहायची रीत वेगळी. आधी गावाचं किंवा वडिलांचं आद्याक्षर, मग नाव, शेवटी 'राव'. माझ्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव नाहीच. शिवाजीराव गायकवाड जन्मले बंगळुरातच, जग त्यांना रजनीकांत म्हणतं. तिथं गायकवाड निदान माहितीत तरी राहिलं. बाकीच्यांचं काय? पवार, शिंदे, माने, घोरपडे, सगळ्यांचे राव झाले. आणि राव म्हटलं की तेलुगू की कन्नड की मराठी, काही कळत नाही. एरवी कुणाचं अडत नाही. अडतं ते लग्न जमवताना. तेव्हा देवक विचारतात, कुळी विचारतात, आणि घरातल्या एखाद्या आजींकडे धावावं लागतं. त्या सांगतात तोवर ठीक. दुसरीकडे अडतं ते पासपोर्टच्या अर्जात. तिथं आडनावाचा रकाना असतो, आणि एकाच घरात एक भाऊ राव लिहितो, दुसरा बापाचं नाव. पुढच्या पिढीत ते चुलते आहेत हे कागदावरून सिद्ध करता येणार नाही.

अर्थाचंही तसंच. ओळखीतले एक कन्नडचे मास्तर आहेत. त्यांना मी घोरपडे म्हणजे काय वाटतं विचारलं. ते क्षणात म्हणाले, "अगदी सोपं आहे. घोर पडे." कन्नडमध्ये पडे म्हणजे सैन्य. भयंकर सैन्य! मी म्हटलं, मास्तर, तुमच्याकडे ज्याला उडा म्हणतात, ते जनावर आहे हे. ते हसले, पण त्यांना काही पटलं नाही. मुराररावांची ती रात्र सांगितल्यावर तर मुळीच नाही.