पाटलीण कुठल्या गावची?

(चिंचवड येथे वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मावळ-चाकणची वतनदार घराणी आणि मॉरिशसचे मराठी: वंशावळीचा शोध’. हा विषय मी मागून घेतलाय. वतनदार आणि करारावर परदेशी गेलेले गिरमिटिया मजूर एका व्याख्यानात कशाला, असं कार्यकर्त्यांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर तासाभरात द्यायचंय.

चाकणचा संग्रामदुर्ग, फिरंगोजी नरसाळा, शाइस्ताखान हे सगळं तुम्हाला पाठ आहे. पाटील कोण, कुलकर्णी कोण, देशमुख कोण, तेही सांगत बसत नाही. एकच गोष्ट आधी नीट मांडतो. आपल्याकडं वंशावळ पूर्वजांच्या आठवणीखातर लिहिली गेलेली नाही. ती भांडणापायी लिहिली गेली. पाटीलकीच्या निम्म्या वाट्यावरून थोरली पाती आणि धाकटी पाती भांडल्या, होळीला पहिली पोळी कुणाची यावरून गोतापुढं गेल्या. मग महजर, म्हणजे गोताचा लेखी निवाडा झाला, करीना, म्हणजे वादाची हकीकत लिहिली गेली, आणि त्यात ‘मूळ पुरुष अमका, त्याचे लेक तिघे’ ही ओळ आली. खाली पाटलानं नांगराची निशाणी केली, न्हाव्यानं आरशाची. ज्या घरात भांडण नाही, त्या घराची वंशावळ नाही. (हशा) हसताय, पण पुराव्यानं बोलतोय. इंग्रजांनी १८५२ साली कायदा करून इनाम कमिशन बसवलं आणि इनामदारांकडं हक्काचा पुरावा मागितला, तेव्हा कैफियतींचा आणि वंशावळींचा पूर आला. पुण्याच्या पेशवे दफ्तरात गेलात तर त्यातले रुमालच्या रुमाल सापडतील. हक्क सिद्ध करायचा होता, म्हणून आजा-पणजा आठवला.

याच गावचं उदाहरण घ्या. मोरया गोसावींच्या देव घराण्याचा थेट वंश १८१० साली थांबला. इनाम थांबलं नाही. मग दूरच्या भावकीतला सखारी गादीवर आणला आणि परंपरा पुढं चालली. पुढच्या रांगेत थोडी चुळबुळ दिसतेय. मी श्रद्धेबद्दल बोलत नाही, मंडळी. समाधीला मीही जातो, पवनेच्या काठावर बसतो. कागदाबद्दल बोलतोय. या घराण्यावर प्रेस्टन नावाच्या अभ्यासकाचं अख्खं पुस्तक केंब्रिजनं १९८९ साली छापलंय, आणि वंश व राज्यसत्ता यांचं नातं हाच त्याचा विषय आहे. इंग्लंडातही वेगळं नव्हतं. १८३३ पासून जॉन बर्कनं तिथल्या बिनपदवीच्या जमीनदार घराण्यांच्या वंशावळी छापायला घेतल्या. ज्याची जमीन, त्याचा वंश.

ते ग्रंथ छापले जात होते, त्याच सुमारास, १८३४ च्या नोव्हेंबरात, मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात हिंदुस्थानी गिरमिटियांची पहिली तुकडी उतरली. पुढं १९१० पर्यंत साडेचार लाखांवर माणसं त्या बेटावर गेली. त्यात मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीचे, साताऱ्याचे, कोल्हापूरचे आपले लोक होते. कास्कावेलला आजही मराठी वस्ती आहे. कोकणातली जाखडी तिथं झाकरी झाली, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. हे सगळं तुम्ही वाचलेलं असेल. पण बंदरावरचं रजिस्टर किती जणांना माहीत आहे?

प्रत्येक माणसाला नंबर. नंबरापुढं नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जहाज, उंची, अंगावरची खूण. १८६० च्या दशकापासून फोटोसुद्धा. ही रजिस्टरं मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलीत. ती माणसाच्या प्रेमापोटी ठेवलेली नव्हती. मळ्यावरून पळालेला मजूर पकडता यावा म्हणून ठेवली होती. बापाचं पहिलं नावच पुढं आडनाव होऊन बसलं आणि कारकुनाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं गेलं. तरीही आता माझा मुद्दा ऐका. त्या रजिस्टरात बाई आहे. नवऱ्याच्या नावाखालची रेघ म्हणून नाही, तिच्या स्वतःच्या नंबरानं आहे. तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, तिचं गाव, तिची उंची.

आणि त्याच काळात आपल्या पाटलाच्या वाड्यात नांदणारी पाटलीण? तिचं नाव कुठंय? करीन्यात मुलगे तिघे आहेत, पण ते कुणाच्या पोटचे ते नाही. बाई कागदावर येते ती विधवा झाल्यावर, दत्तक घेताना किंवा भावकीशी भांडताना, आणि सहीच्या जागी बांगडीची निशाणी करते. बोटीत बसून बेटावर गेलेल्या मजूर बाईची वंशावळ लागते आणि गावच्या पाटलिणीची लागत नाही, हे मला सहन होत नाही. त्यासाठीच मी इथं आलोय.

एक प्रसंग थोडक्यात सांगतो. खेड तालुक्यातलं एक गाव आहे, नाव सांगत नाही, भावकी सभागृहात असेल. (हशा) तिथल्या मंडळींनी तेरा पिढ्यांचा वंशवृक्ष करून फ्लेक्सवर छापला आणि मंदिरापुढं लावला. मला बोलावलं होतं. फ्लेक्स देखणा होता, वडाचं झाड, पानापानावर नावं, सगळी पुरुषांची. एका जागी मात्र घोळ होता. सखारामाला चार मुलगे, पण थोरला आणि धाकटा यांच्यात पस्तीस वर्षांचं अंतर. मोडी कागद होता एकाच पातीकडं. दुसरी पाती म्हणत होती, हा सखाराम एक नव्हे, आजा आणि नातू असे दोघे आहेत. त्यावरून दोन घरांत येणंजाणं बंद होतं, लग्नाच्या पत्रिका परत जात होत्या.

पारावर एक आजी बसल्या होत्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या, हातात मिश्रीची डबी. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. म्हणाल्या, “त्यो एकच. पहिली मरकळची व्हती, ती बाळंतपणात गेली. मग लई वर्सांनी चिंबळीची केली. थोरले दोघं मरकळकरणीचे, धाकले दोघं चिंबळीकरणीचे.” सगळे गप्प. मी वही काढली. आजी बोलत राहिल्या. कडूसची, मोईची, निघोज्याची, वाकीची. कुणाच्या माहेराहून कुठला बैल आला, कुणाच्या पाठच्या भावानं विहिरीला पैसे दिले, कुणाचं जातं अजून कुणाच्या पडवीत आहे. त्यांना पुरुषांच्या पिढ्या क्रमानं सांगता येत नव्हत्या, पण माहेरावरून सगळ्या लागत होत्या. मग आम्ही मरकळला गेलो. तिथल्या एका घरात जुन्या लग्नखर्चाचा कागद निघाला, त्यात ‘लेक सखारामास दिली’ असं स्पष्ट होतं. ज्या कोड्यावर तेरा पिढ्यांचं झाड अडलं होतं, ते सोयऱ्यांच्या कागदानं सुटलं. त्या बाईचं नाव मात्र त्या कागदातही नव्हतं. लेक, एवढंच. आजींना विचारलं, तर म्हणाल्या, सासरी तिला राधा म्हणायचे, माहेरचं नाव दुसरं व्हतं. कुठलं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. लग्नात नाव बदलायचं, की मागचा माग पुसला गेला.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, पंधरा मिनिटं. मग वंशावळी सांगणारे हेळवी, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या हे सगळं बाजूला ठेवतो.

आजची गोष्ट सांगतो. आपल्या भागात जमिनीला सोन्याचा भाव आला. आधी कारखाने, मग प्राधिकरण, मग चाकणची एमआयडीसी, आता टाउनशिप. आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क कायद्यात आला, महाराष्ट्रात १९९४ ला, देशभर २००५ ला. २०२० साली सुप्रीम कोर्टानं तो आणखी पक्का केला. आता खरेदीखताआधी वकील पहिली गोष्ट मागतो, मुलींसकट वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. शंभर वर्षं ज्यांची नावं कुणाला आठवली नाहीत, त्या आत्या, बहिणी, पुतण्या रिक्षानं तलाठी कार्यालयात आल्या. हक्क आला, नाव आलं. आणि लगेच हक्कसोडपत्रावर सही घेतली. तुमच्यातल्या कितीजणांच्या बहिणींनी सह्या केल्यात, ते मी विचारणार नाही. (सभागृहात कुजबुज) राग धरू नका. मी कुणाच्या घरात डोकावत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की फेरफार नोंदवहीत ते नाव आता कायमचं आहे, आणि उद्या कुणी शोधायला बसला तर त्याला त्या बहिणी तिथंच भेटतील. तुमच्या घरच्या झाडावर मात्र त्या नाहीत. त्या तिथं का नसाव्यात?

आता पुन्हा मॉरिशसकडं वळू. तिथं राष्ट्रपती मुर्मू २०२४ च्या मार्चमध्ये गेल्या होत्या. तिथल्या सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या लोकांना ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक असल्याचं कार्ड मिळेल, हे तेव्हा जाहीर झालं. म्हणजे तिथला पोरगा आज जाऊन पूर्वजाचा नंबर शोधतो. खापरपणजोबाचा नाही सापडला, तर खापरपणजीचा चालतो. आपल्याकडं खापरपणजीवरून काही सापडेल?

हो, हो, मागचा प्रश्न ऐकू आला. कुणबी नोंदींबद्दल. निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांच्या समितीच्या कामामुळं २०२३ पासून मोडी वाचणाऱ्यांना दिवसभर उसंत नाही, हे खरं. आरक्षणावर इथं बोलत नाही, तो माझा विषय नाही आणि वेळही नाही. पण तहसिलात जाऊन गाव नमुना नंबर १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, ते बघणार असाल, तर फक्त आजोबांचं नाव घेऊन जाऊ नका. आजीच्या माहेरचं गावही बघा.

शेवटचा प्रश्न. ताई, तुम्ही बोला. ... ताई म्हणतायत, आम्ही माण तालुक्यातले, भोसरीत कामाला आलो, जमीन कधीच नव्हती, आमचं कुठं काय सापडणार?

सापडतं. जमीन नसलेल्यांचा सातबारा नसतो, पण शाळेचं जनरल रजिस्टर असतं. तुमच्या आई किंवा मावशी पहिलीत जरी दोन महिने बसल्या असतील, तरी त्यांचं जन्मनाव, बापाचं नाव, जन्मगाव तिथं असेल. मिस्टरांचं ईएसआयचं जुनं घोषणापत्र घरात असेल, त्यात तुमचं नाव, नातं, वय लिहिलेलं आहे. ते रद्दीत घालू नका. पहिल्या कंपनीचा गेटपासही ठेवा. आई आहेत ना? छान. मग आज रात्रीच फोन करा आणि त्यांच्या आईचं लग्नाआधीचं नाव विचारा, गाव विचारा, त्या गावातली वाडी विचारा. शाळेचं नाव कळलं की मला कळवा, मुख्याध्यापकांना द्यायचा अर्ज मी लिहून देतो.

वेळ संपली. दारापाशी टेबलावर कोरे तक्ते ठेवलेत. त्यात बाईच्या नावाला दोन रकाने आहेत, माहेरचं आणि सासरचं. एकेक घेऊन जा.