कायद्यातली भाषा आणि कामावरची भाषा



एखाद्या भाषेला राजमान्यता मिळाली की तिचे कल्याण झाले, असे आपण समजतो. नाण्यांवर, टपालतिकिटांवर, रस्त्यावरच्या पाट्यांवर ती दिसू लागली की आपले समाधान होते. पण भाषेची खरी परीक्षा होते ती कामाच्या जागी. वरिष्ठ हुकूम कोणत्या भाषेत देतो? तक्रार कोणत्या भाषेत लिहावी लागते? बढतीची मुलाखत कोणत्या भाषेत होते? या दृष्टीने कॅनडाचा अनुभव विचार करण्याजोगा आहे.

कॅनडात फ्रेंच बोलणारे सुमारे पाचांत एक. त्यांतले बहुतेक क्युबेक प्रांतात राहतात आणि तेथे त्यांचेच बहुमत आहे. तरीही माँट्रियलच्या मोठ्या कंपन्यांत वरच्या खुर्च्यांवर दीर्घकाळ इंग्रजीच बसलेली होती. १९६३ साली सरकारने लॉरँदो आणि डंटन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याने १९६१ च्या जनगणनेवरून क्युबेकमधील १४ वंशगटांची मिळकतीप्रमाणे उतरंड लावली, तेव्हा फ्रेंच वंशाचे लोक १२ व्या पायरीवर निघाले. आणि तेही स्वतःच्या प्रांतात!

१९६९ साली राजभाषा कायदा झाला. सरकारी कचेरीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या नागरिकाला त्याने आपल्या भाषेत उत्तर मिळण्याचा हक्क दिला. पण खिडकीच्या आत बसलेल्या कारकुनाचे काय? त्याचा प्रश्न त्याने सुटला नाही.

पुढे तो आकाशात गेला. क्युबेकमधील फ्रेंचभाषी वैमानिक आणि विमानवाहतुकीचे नियंत्रक म्हणू लागले, की आम्ही एकमेकांशी आमच्या भाषेत का बोलू नये? सुरक्षिततेला धोका आहे, असे विरोधक म्हणत. याच कारणावरून जून १९७६ मध्ये इंग्रजीभाषी वैमानिकांचा संप झाला आणि सरकारने त्यांच्याशी तडजोड केली. तिच्या निषेधार्थ मंत्री झाँ मार्शां यांनी राजीनामा दिला. मग तीन न्यायाधीशांनी प्रत्यक्ष चौकशी केली आणि १९७९ साली एकमताने सांगितले की, दोन भाषांनी सुरक्षितता बिघडत नाही. भयाचा निकाल पुराव्याने लागला, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

दरम्यान, १९७७ साली क्युबेकच्या सनदेने कामगाराला फ्रेंचमध्ये काम करण्याचा हक्क दिला, आणि १९८८ च्या नव्या राजभाषा कायद्याने केंद्र सरकारच्या नोकरांनाही ठराविक भागांत तसाच हक्क मिळाला.

मग सारे आलबेल झाले काय? नाही. समजा, बैठकीत दहा माणसे आहेत, त्यांतली नऊ फ्रेंच आणि एक इंग्रजीभाषी. तो एक फ्रेंच जाणत नसेल, तर नऊही जण सौजन्याने इंग्रजीकडे वळतात. कोणी बंदी केलेली नसते. कामाला उशीर होईल, साहेबाला त्रास होईल, आपण आडमुठे ठरू, या संकोचानेच माणूस आपला हक्क खिशात ठेवतो. असा हक्क वापरला न गेल्यामुळे गंजतो, आणि मग लोक म्हणतात, "पाहा, याची कोणाला गरजच नव्हती!"

म्हणून कायदा हवाच, पण त्याचा भार हाताखालच्या माणसावर टाकता कामा नये. नोकराने धैर्य दाखवावे, ही अपेक्षा सोपी आहे. वरिष्ठाने नोकराची भाषा शिकावी, हे अवघड आहे. पण खऱ्या द्विभाषिकतेची सुरुवात वरून होते. वरच्या खुर्चीवरील माणसाला जी भाषा समजते, तीच भाषा खाली निर्धास्तपणे बोलली जाते.