साडेदहाचा कॉल



"घर-नोकरी सांभाळून शांत कशी राहतेस, ते सांग," म्हणून मला उभं केलंय. मी शांत राहत नाही, हे आधीच कबूल करते.

आमची निम्मी टीम अमेरिकेत. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की माझा साडेनऊचा कॉल साडेदहाला जातो. मग मार्चपर्यंत मुलाला झोपताना आई दिसते ती हेडफोन लावलेली.

गेल्या डिसेंबरात ऐन कॉलमध्ये वीज गेली, इन्व्हर्टरही बसला. आम्ही दोघं अंधारात गॅलरीत बसलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आई, गणितात नापास झालोय. महिना झाला."

ओरडणारच होते, पण बाई, तुम्ही आठवलात. आठवीत मी कोरा पेपर दिला, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "आधी पाणी पिऊन ये." मी त्याला पाणी आणून दिलं.

आता मंगळवारी आणि गुरुवारी मी रात्रीचा कॉल घेत नाही. साहेबांना ते आवडलेलं नाही. यंदा बढतीच्या यादीत माझं नाव नव्हतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्या दोन रात्री आम्ही गॅलरीत बसतो. पुष्कळदा तो काहीच बोलत नाही. परवा तर मला तिथेच डुलकी लागली. जागी झाले तेव्हा अंगावर त्याची चादर होती.