वास्तूविना संस्था



शाळेच्या हीरक महोत्सवात पहिली आठवण निघते ती वास्तूची. झिजलेली पायरी, घंटेचा टोल, पटांगणातली प्रार्थना, फळ्यावरचा सुविचार. साठ वर्षांत मुलांच्या पिढ्या बदलतात, शिक्षक निवृत्त होतात; वास्तू मात्र उभी असते आणि नव्याने आलेल्या मुलाला न बोलता सांगत राहते, की येथे असे वागायचे असते. संस्थेचे संस्कार पुष्कळदा असेच, भिंतींच्या साक्षीने, एका पिढीकडून दुसरीकडे जातात. म्हणूनच एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. जिला वास्तूच नाही, जिची माणसे एका छपराखाली बसत नाहीत, अशा संस्थेत संस्कृती रुजते का? आणि रुजली, तर ती वसते कोठे?

हा प्रश्न आता केवळ कल्पनेतला राहिलेला नाही. २०२० च्या मार्चनंतर करोनाच्या साथीने घरोघरी जेवणाच्या टेबलावर कचेऱ्या थाटल्या. पण त्यांतल्या बहुतेक कचेऱ्या इमारतीतून उचलून घाईघाईने घरी आणलेल्या होत्या. सवयी जुन्या, फक्त जागा नवी. त्याच्या बऱ्याच आधी, कोणतीही सक्ती नसताना, काही कंपन्यांनी इमारतीवाचून उभे राहण्याचा मार्ग जाणीवपूर्वक पत्करला होता. गिटलॅब ही त्यांतली एक. तिची कथा यशापेक्षाही तिच्या एका मोठ्या चुकीसाठी ऐकण्यासारखी आहे.

२०११ साली युक्रेनमधील खार्किव्ह शहरी राहणाऱ्या दिमित्री झापोरोझेत्स या तरुणाने एक साधन तयार करायला घेतले. अनेक प्रोग्रामरांना एकाच सॉफ्टवेअरवर मिळून काम करता यावे, कोणता बदल कोणी व केव्हा केला याची नोंद राहावी, हा त्याचा हेतू. त्यांच्या घरी त्या वेळी नळाचे पाणी नव्हते. ते बाहेरून भरून आणावे लागे. पण त्या गैरसोयीपेक्षा सहकार्याचे चांगले साधन नसणे त्यांना अधिक खुपत होते. हे काम त्यांनी सर्वांना मुक्तपणे वापरता येईल असे खुले ठेवले. नेदरलँड्समधील सिड सिब्रांडी यांनी ते दुरून पाहिले, त्याचे मोल ओळखले आणि २०१२ मध्ये त्यावर आधारलेली सेवा सुरू केली. पुढे २०१४ मध्ये रीतसर कंपनी उभी राहिली. म्हणजे या संस्थेचा पायाच दोन देशांत, दोन घरांत घातला गेला.

आरंभीच्या दिवसांविषयी सिब्रांडी यांनी सांगितलेली हकीकत मोठी बोलकी आहे. नेदरलँड्समधले पहिले सहकारी कामासाठी त्यांच्या घरी येऊ लागले. काही दिवस आले आणि मग येईनासे झाले. कोणी रुसले नव्हते, कोणी काम सोडले नव्हते. काम घरूनही तितकेच होत होते. येण्याचे कारणच उरले नव्हते.

परंतु येथूनच खरी अडचण सुरू होते. इमारत पुष्कळ गोष्टी फुकट करत असते. नवखा माणूस शेजारच्या टेबलाकडे पाहून शिकतो. चहाच्या वेळी अर्धा निर्णय होऊन जातो. वरिष्ठांचा चेहरा पाहून कामाची निकड कळते. इमारत गेली की हे सारे जाते. उरते ते फक्त शब्द. आणि बोललेला शब्द, जो समोर होता त्याच्याच कानी पडतो. म्हणून गिटलॅबने लिहिलेल्या शब्दाचा आश्रय घेतला.

कंपनीची एक हस्तपुस्तिका आहे. छापली तर तिची पाने दोन हजारांहून अधिक भरतील. रजा कशी घ्यावी, खर्चाचे पैसे कसे मागावेत, बैठकीची टिपणे कशी ठेवावीत, सहकाऱ्याची चूक त्याला कोणत्या शब्दांत सांगावी, इथपासून कंपनीच्या धोरणांपर्यंत बरेच काही तिच्यात आहे. ती कपाटात बंद नाही. इंटरनेटवर कोणालाही वाचता येते. पण तिचे महत्त्व तिच्या जाडीत नाही, तिच्या वापरात आहे. कोणी प्रश्न विचारला आणि उत्तर पुस्तिकेत असले, तर उत्तर न देता त्या पानाचा दुवा द्यायचा. उत्तर तेथे नसले, तर आधी ते पुस्तिकेत लिहायचे आणि मग दुवा द्यायचा. नियम बदलायचा असेल तर तोंडी घोषणा करायची नाही. बदललेले वाक्य आधी लिहून दाखवायचे. असा बदल सुचवण्याचा अधिकार कालच रुजू झालेल्या माणसालाही आहे.

याचा परिणाम वेळेवरही होतो. हिवाळ्यात भारतात सकाळचे दहा वाजतात, तेव्हा ॲमस्टरडॅममध्ये पहाटेचे साडेपाच आणि सॅन फ्रान्सिस्कोत आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. सर्वांनी एकाच वेळी बैठकीला बसायचे ठरवले, तर कोणाची ना कोणाची झोप मोडणारच. आणि बहुधा ती मुख्य कचेरीपासून सर्वांत दूर असलेल्याचीच मोडते. जेथे काम लिहून पुढे सोपवले जाते, तेथे एकाची संध्याकाळ दुसऱ्याची सकाळ होते आणि कोणाला कोणाची वाट पाहत बसावे लागत नाही. लेखन येथे सुविधा नसते, न्याय असतो.

तरीही नियम लिहिले म्हणजे संस्कृती झाली, असे नव्हे. भिंतीवर लावलेले सुविचार आणि वर्गातले वर्तन यांतले अंतर कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असते. संस्कृतीची परीक्षा चुकीच्या वेळी होते. गिटलॅबची ती परीक्षा ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री झाली.

त्या दिवशी कंपनीच्या डेटाबेसवर अकस्मात ताण वाढला होता. मुख्य डेटाबेसची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर मागे पडून थांबला होता आणि तो पुन्हा चालू करण्याची खटपट एक अभियंता करत होता. रात्र बरीच झाली होती. दुसऱ्या सर्व्हरवरची जुनी माहिती पुसून नव्याने आरंभ करावा, असे त्याने ठरवले आणि पुसण्याची आज्ञा दिली. ती चुकून मुख्य सर्व्हरवर दिली गेली. एक-दोन सेकंदांत चूक ध्यानात येऊन त्याने हात आवरला. पण तोवर सुमारे ३०० जीबी माहिती नाहीशी झाली होती.

बॅकअप शोधू लागताच दुसरा धक्का बसला. नित्य घेतले जाणारे बॅकअप ज्या ठिकाणी साठायला हवे होते, ती जागा रिकामी होती. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती, म्हणून तो दर वेळी अयशस्वी होत होता. तसे कळवणारे ई-मेल निघतही होते. पण पाठवणाऱ्याची खात्री पटत नसल्याने पोहोचण्याआधीच नाकारले जात होते. धोक्याची घंटा वाजत होती आणि ऐकणारा कोणी नव्हता.

कंपनी वाचली ती योगायोगाने. त्याच अभियंत्याने सुमारे सहा तास आधी एका चाचणीच्या कामासाठी डेटाबेसची एक प्रत घेऊन ठेवली होती. ती प्रत संथ यंत्रणेवरून परत आणण्यात सुमारे १८ तास गेले. लोकांचा मूळ सॉफ्टवेअर-संग्रह सुरक्षित राहिला; परंतु त्या सहा-सात तासांतल्या इतर नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीच्या अंदाजानुसार सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवी खाती यांना त्याची झळ बसली.

अशा प्रसंगी सामान्यतः काय होते? दारे बंद होतात, 'तांत्रिक अडचण' असा एक मोघम खुलासा निघतो आणि एखाद्या कनिष्ठाची नोकरी जाते. गिटलॅबने दारे उघडली. दुरुस्तीची कच्ची टिपणे, त्यांतल्या स्वतःच्या चुकांच्या कबुलीसह, सर्वांना वाचायला खुली केली. दुरुस्तीचे काम चालू असताना त्याचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण केले आणि जगभरच्या हजारो लोकांनी ते पाहिले. नंतर प्रसिद्ध केलेल्या सविस्तर अहवालात त्या अभियंत्याचे नाव कोठेही घेतले नाही.  त्याला काढूनही टाकले नाही. अहवालाने 'कोणी केले' यापेक्षा 'असे होऊ कसे शकले' याचा पाठपुरावा केला. एकामागून एक 'का' विचारत तो शेवटी एका कटू उत्तरापाशी पोहोचला. बॅकअप खरोखर परत आणता येतात का, हे कोणी तपासत नव्हते. कारण ते काम कोणा एकाच्या नावावर नव्हतेच.

हे उत्तर दूरदूर विखुरलेल्या प्रत्येक संस्थेने ध्यानात ठेवावे असे आहे. सर्वांचे काम ते कोणाचेच नाही, ही गोष्ट एका इमारतीत कधी ना कधी कोणाच्या तरी नजरेस पडते. इमारत नसेल, तर प्रत्येक कामापुढे एका माणसाचे नाव लिहिलेलेच हवे. आणि त्या माणसाला चूक कबूल करण्याची भीती वाटता कामा नये. भीतीने माणसे चुका लपवतात. आणि दुरून लपवलेली चूक शोधायला कोणतीही नजर पुरी पडत नाही. म्हणून दूरस्थ संस्थेत क्षमाशीलता हा मनाचा मोठेपणा नसतो. ती कारभाराची निकड असते.

लेखनाने कारभार चालतो. जिव्हाळा मात्र केवळ लेखनाने निर्माण होत नाही. लिहिलेले वाक्य वाचताना सूर हरवतो, साधी सूचना रागासारखी भासते. एकट्या खोलीत दिवसभर पडद्याकडे पाहणाऱ्याला एकाकीपणा गाठतो. यासाठी गिटलॅबने कामाविषयी न बोलता दोघांनी निव्वळ गप्पा माराव्यात, अशा दूरस्थ 'कॉफी'च्या भेटींना कामाच्या वेळेतच स्थान दिले आणि अधूनमधून सर्वांना एकत्र आणणारी संमेलने भरवली. वर्डप्रेसशी निगडित 'ऑटोमॅटिक' ही २००५ साली मॅट मुलेनवेग यांनी स्थापन केलेली कंपनीही अशीच विखुरलेली. तेथे नव्या माणसाचे पद कोणतेही असो, त्याला आरंभी काही आठवडे ग्राहकांच्या शंकांना उत्तरे देण्याचे काम करावे लागते, म्हणजे संस्था कोणासाठी आहे हे तो कधी विसरत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील आपली प्रशस्त कचेरी त्या कंपनीने २०१७ मध्ये सोडली, कारण तेथे फारसे कोणी येतच नव्हते. इमारतीचे पैसे वाचवून ते माणसांना भेटवण्यावर खर्च करणे, हा या मार्गाचा खरा हिशेब आहे. नुसते पैसे वाचवणे हा हिशेब धरला, तर संस्कृतीही त्याच बरोबर वजा होते.

या मार्गाचे गोडवे गातानाच त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. एकाच कामाचे वेतन माणूस कोठे राहतो यावरून कमी-अधिक ठरवण्याची गिटलॅबची रीत अनेकांना अन्याय्य वाटत आली आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत कंपनीने सुमारे ७ टक्के लोकांना कमी केले. हस्तपुस्तिका कितीही मोकळी असली, तरी बाजाराच्या झळा चुकल्या नाहीत. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींना पाहून शिकण्याची जी संधी कचेरीत मिळते, तिची भरपाई अजून पुरती साधलेली नाही. आणि ज्या घरात एका माणसासाठी वेगळी खोली नाही, त्या घराला 'घरून काम' हे शब्द वेगळेच ऐकू येतात.

इतके असूनही, १४ ऑक्टोबर २०२१ रोजी गिटलॅबचे समभाग नॅसडॅक बाजारात खुले झाले, तेव्हा तिची माणसे साठांहून अधिक देशांत विखुरलेली होती आणि तिला मुख्य कचेरी नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये सिब्रांडी यांनी मुख्याधिकाऱ्याचे पद दुसऱ्या हाती सोपवले. संस्थापक पायउतार झाला, की संस्थेचे संस्कार त्याच्या व्यक्तित्वात होते की व्यवहारात, हे काळ ठरवतो. ती परीक्षा अजून चालू आहे.

वास्तूविना संस्था उभी राहू शकते का, या प्रश्नाचे उत्तर या सभागृहाला खरे तर फार पूर्वीपासून ठाऊक असायला हवे. महाराष्ट्रापासून दूर, भोवताली वेगळीच भाषा बोलली जात असताना मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालते, ती केवळ विटांच्या आधारावर नाही. भाषेच्या मुख्य कचेरीपासून दूर राहून ज्यांनी रोज शुद्धलेखन तपासले, निबंधावर लाल शाईने कारण लिहिले, चुकलेल्या मुलाला वर्गासमोर नाव न घेता चूक समजावली, त्यांनी ते काम केले. नेमके लिहिणे, जबाबदारी नावानिशी घेणे आणि चूक न लपवणे, हे तीन धडे येथल्या बाकांवर गिरवून गेलेली मुले उद्या जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून, कोणत्याही इमारतीवाचून, काम करू शकतील. आणि त्यांच्यापैकी एखादीने उद्या अशी संस्था उभारली, तर तिच्या हस्तपुस्तिकेचे पहिले पान याच शाळेत लिहिले गेलेले असेल.