रूळ आणि गाव

रेल्वेने वसवलेलं गाव रेल्वेचंच, त्याला स्वतःचं सार्वजनिक आयुष्य कसलं, असं मानलं जातं. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या गवताळ मैदानावरचं नॉर्थ प्लॅट ते खोटं ठरवतं. १८६६ मध्ये युनियन पॅसिफिक रेल्वे कंपनीच्या रुळांबरोबर ते उभं राहिलं. रूळ पुढे सरकले तशी बहुतेक वस्तीही उठली. उरलेल्यांनी गाव जोपासलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या गाड्या तिथे जेमतेम दहा-पंधरा मिनिटं थांबत. तेवढ्या वेळात सँडविच, कॉफी, केक देणारं कँटीन गावकऱ्यांनी डिसेंबर १९४१ मध्ये सुरू केलं आणि १ एप्रिल १९४६ पर्यंत, सुमारे ६० लाख सैनिकांसाठी, चालवलं. गाडी थांबली म्हणूनच हे जमलं, हा आक्षेप रास्त आहे. पण इंजिनं पाण्यासाठी कितीतरी स्थानकांवर थांबत होती. इथे मात्र शंभराहून अधिक गावांतल्या लोकांनी, प्रामुख्याने बायकांनी, रेशनच्या साखरेतून केक केले.