नदीच्या पाण्याची सरकारी परीक्षा



नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. ऋषींचें काय असेल तें असो. पण मुंबईच्या उपनगरांतील नद्यांचें मूळ मात्र अवश्य शोधावें. दहिसर आणि पोईसर या नद्या बोरिवलीच्या डोंगरांत, आज ज्याला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात त्या अरण्यांत उगम पावतात. ओशिवरा आरेच्या टेकड्यांतून निघते. विहार तलाव भरून सांडव्यावरून उतरणारें पाणी आणि पवई तलावाचें पाणी एकत्र होऊन मिठी नदी सुरू होते, व सुमारें अठरा किलोमीटर वाहून ती माहीमच्या खाडीस मिळते. विहारचें पाणी शुद्ध करून मुंबई आजहि पिते. त्याच तलावांतून सांडलेल्या पाण्याची पुढील अठरा किलोमीटरांत अशी कांहीं अवस्था होते कीं, त्यांत पाय बुडविण्यासहि कोणी धजत नाहीं.

हा बदल केवढा झाला, कोठें झाला आणि तो वाढत आहे कीं घटत आहे, हें सांगण्याचें काम कायद्यानें सरकारी मंडळांकडे सोंपविलें आहे. हीं मंडळें आपले अहवाल कसे तयार करतात, ते कसे वाचावेत आणि आपल्यासारख्या कुटुंबांनीं ते कां वाचावेत, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

या कामीं महाराष्ट्रानें केंद्राच्या आधीं पाऊल टाकलें. जलप्रदूषण रोखण्याचा राज्याचा कायदा १९६९ सालीं झाला व १९७० सालीं त्यासाठीं मंडळ स्थापन झालें. आज आपण त्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ म्हणतों. सबंध देशाचा जल कायदा आणि केंद्रीय मंडळ हीं १९७४ सालचीं. राज्य मंडळाचीं माणसें ठरलेल्या ठिकाणीं जाऊन नमुने घेतात, ते प्रयोगशाळेंत तपासले जातात, आंकडे केंद्रीय मंडळाकडे जातात आणि राज्याचा वार्षिक अहवालहि प्रसिद्ध होतो. महानगरपालिका पर्यावरणाच्या स्थितीचा आपला वेगळा अहवाल दरवर्षीं काढते. म्हणजे लिहिण्याच्या बाबतींत कोणी मागें आहे असें म्हणतां येणार नाहीं.

पाण्याची परीक्षा नुसत्या डोळ्यांनीं होत नाहीं. निवळ दिसणारें पाणी घातक असूं शकतें, आणि पावसाळ्यांतील गढूळ पाणी त्या मानानें निरुपद्रवी असूं शकतें. म्हणून प्रयोगशाळेंत मुख्यतः तीन गोष्टी पाहतात. पहिली, पाण्यांत विरघळलेला प्राणवायु. आपल्या हवामानांत स्वच्छ पाण्याच्या एका लिटरांत तो आठ मिलिग्रॅमांच्या आसपास राहतो. तो चाराच्या खालीं गेला कीं माशांचें जगणें कठीण होतें.

दुसरी गोष्ट म्हणजे पाण्यांतील घाण कुजतांना किती प्राणवायु खाईल हें मोजणें. अहवालांत तिच्यासाठीं बी. ओ. डी. हीं अक्षरें असतात. आपण सोयीसाठीं तिला प्राणवायूची भूक म्हणूं. नमुन्याची बाटली ठरलेल्या उष्णतेंत कांहीं दिवस बंद ठेवावयाची, आणि आरंभीं किती प्राणवायु होता व शेवटीं किती उरला हें पाहावयाचें, अशी ही साधी युक्ति आहे. इंग्लंडांत सांडपाण्याच्या प्रश्नासाठीं १८९८ सालीं नेमलेल्या शाही आयोगानें आपल्या १९१२ च्या अहवालांत यासाठीं पांच दिवसांची मुदत धरली होती. आपल्या उष्ण देशांत कुजण्याची क्रिया लवकर होते, म्हणून भारतीय पद्धतींत सत्तावीस अंशांवर तीन दिवस बाटली ठेवतात.

तिसरी गोष्ट म्हणजे कॉलिफॉर्म नांवाच्या जंतूंची संख्या. यांतील मैल्यांत आढळणारे जंतु पाण्यांत सांपडले, कीं माणसांचा किंवा जनावरांचा मैला त्या पाण्यापर्यंत पोंचला आहे असें समजावें. आणि मैला पोंचला म्हणजे पटकी, विषमज्वर, कावीळ यांनाहि वाट मोकळी झाली.

या मोजमापांवरून केंद्रीय मंडळानें पाण्याचे पांच वर्ग केले आहेत. केवळ जंतुनाशक घालून पिण्याजोगें पाणी पहिल्या वर्गांत. त्याची भूक दर लिटरास दोन मिलिग्रॅमांहून अधिक असतां कामा नये. स्नानास योग्य तें दुसऱ्या वर्गांत. तेथें मर्यादा तीनची आहे. रीतसर गाळून व शुद्ध करून पिण्याजोगें तें तिसरें, मासे व वन्य प्राणी यांना पुरेसें तें चौथें, आणि शेतीला किंवा कारखान्यांतील यंत्रें थंड करण्याला चालेल तें पांचवें. नदीच्या ज्या भागांत ही भूक तीनची मर्यादा ओलांडते, तो भाग केंद्रीय मंडळाच्या यादींत प्रदूषित म्हणून नोंदला जातो.

२०१८ सालच्या यादींत देशांतील ३२३ नद्यांचे ३५१ भाग होते, व त्यांपैकीं ५३ एकट्या महाराष्ट्रांतील, म्हणजे कोणत्याहि राज्यापेक्षां अधिक होते. त्याच यादींत पवईपासून धारावीपर्यंतच्या मिठी नदीपुढें २५० हा आंकडा दिला होता. शहराच्या कच्च्या सांडपाण्याची भूक साधारणतः दोनशें ते तीनशें असते, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्याचा अर्थ कळतो. नदीच्या पात्रांतून तेव्हां वाहत होतें तें सांडपाणीच होतें. पुढें २०२२ च्या यादींत देशाचा आंकडा २७९ नद्या व ३११ भाग असा उतरला. महाराष्ट्राचा मात्र ५५ वर गेला व पुन्हां तोच सर्वांत मोठा ठरला. येथें न्यायबुद्धीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, जें राज्य अधिक ठिकाणीं मोजतें त्याला अधिक दोष सांपडतात. जेथें मोजणीच होत नाहीं तेथील नदी कागदावर निर्मळच राहते.

आतां हे अहवाल वाचण्याची रीत. शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण स्वयंपाकघरांत खरी आहे, कारण भांड्यांतला भात सर्वत्र सारख्या आंचेवर शिजतो. नदीचें तसें नाहीं. म्हणून कोणताहि आंकडा पाहतांना पहिला प्रश्न विचारावा, कीं नमुना कोठें घेतला? राज्य मंडळाच्या यादींत मिठी नदीसाठीं कित्येक वर्षें माहीमच्या पुलाजवळचें ठिकाण आहे. तेथें दिवसांतून दोनदां समुद्राचें पाणी आंत येतें. भरतीच्या वेळीं भरलेल्या बाटलींत नदी किती आणि समुद्र किती, हें आंकडा एकटा सांगूं शकत नाहीं. आणि मरोळला किंवा साकीनाक्याला नदींत काय मिसळलें, हेंहि माहीमच्या बाटलीवरून कळत नाहीं. दुसरा प्रश्न, नमुना केव्हां घेतला? जुलैंतील पाण्यांत पावसाची भर असते, मे महिन्यांतील पाण्यांत ती नसते. वर्षाची सरासरी काढली कीं जुलैची पुण्याई मेच्या पदरांत पडते. म्हणून सरासरीच्या शेजारीं वर्षांतील सर्वांत वाईट आंकडा कोणता होता, तो अवश्य पाहावा.

तिसरा प्रश्न, काय मोजलें? सामान्य वाचकाच्या सोयीसाठीं मंडळ चार मोजमापें एकत्र करून शंभरांपैकीं गुण देतें. त्यांत विरघळलेल्या प्राणवायूला ३१, मैल्यांतील जंतूंना २८, आम्ल-अल्कतेला २२ आणि प्राणवायूच्या भुकेला १९ टक्के महत्त्व आहे. त्रेसष्टांच्या वर गुण मिळाले तर पाणी चांगलें, अडतिसांच्या खालीं गेले तर अतिशय वाईट. ही सोय उपयुक्त आहे, पण तिचें मर्म ओळखलें पाहिजे. घरगुती सांडपाणी सहसा फार आम्लहि नसतें आणि फार अल्कहि नसतें, म्हणून त्या एका विषयांत त्याला जवळजवळ पूर्ण गुण मिळतात. म्हणजे निव्वळ गटाराचें पाणीहि वीसाच्या आसपास गुण घेऊनच परीक्षेस बसतें. एकूण गुणांवर समाधान न मानतां प्रत्येक विषयाचे गुण पाहावेत, हें आपण मुलांच्या बाबतींत जाणतोंच.

कोणी म्हणेल कीं, ही सारी तज्ज्ञांची कामें. आपण तीं वाचून काय होणार? याचें उत्तर आपल्याच शहराच्या इतिहासांत आहे. मिठीच्या प्रदूषणासंबंधीं स्वतंत्र अहवाल राज्य मंडळानें २००४ सालींच करवून घेतला होता. तेव्हां या शहरांतील कित्येकांना मिठी नांवाची नदी आहे हेंच ठाऊक नव्हतें. ते तिला नाला समजत होते. पुढें एकाच वर्षानें, २६ जुलै २००५ रोजीं, सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठीला पूर आला, आणि मग तिचें नांव प्रत्येकाच्या तोंडीं झालें. अहवाल वाचला असता तर पाऊस थांबला असता असें कोणी म्हणणार नाहीं. पण बुजत चाललेल्या, घाणीनें भरलेल्या पात्राची चौकशी शहरानें एक वर्ष आधीं तरी आरंभिली असती.

याच्या उलटहि उदाहरण आहे. २०१८ च्या ज्या यादीचा मीं उल्लेख केला, तिच्यासंबंधीं एका वृत्तपत्रांत बातमी आली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ती बातमी पाहून आपण होऊन प्रकरण हातीं घेतलें आणि त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत प्रत्येक राज्यानें आपल्या प्रदूषित नद्यांच्या सुधारणेची योजना करावी असा आदेश दिला. आंकडे तेच होते. ते कोणीतरी वाचले, एवढाच काय तो फरक.

वाचणाऱ्याची गरज आणखी एका कारणानें आहे. परीक्षा घेणारें मंडळ एक आणि सुधारणा करणारी संस्था दुसरी, अशी येथें व्यवस्था आहे. पाणी तपासतें राज्य मंडळ. गटारें आणि शुद्धिकेंद्रें बांधते महानगरपालिका. मिठीच्या खालच्या सहा किलोमीटरांचें काम महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिलें गेलें. अशा वेळीं आंकडा एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत नेऊन उत्तर मागणारा नागरिक नसेल, तर तो जन्मल्या जागींच राहतो. कायद्यानें ही सोय ठेविली आहे. कारखान्यांना सांडपाणी सोडण्याची जी संमति मंडळ देतें, तिच्या अटींची नोंदवही हितसंबंधी मनुष्यास पाहतां यावी, असें १९७४ च्या कायद्यांतच म्हटलें आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहेच.

पण सगळा दोष कारखान्यांवर टाकून आपल्याला मोकळें होतां येणार नाहीं. गुरांच्या गोठ्यांतील शेण, लहान उद्योगांतील तेल व रसायनें, गटाराची सोयच न मिळालेल्या वस्त्यांतील मैला, हें सारें नदींत येतें हें खरें. त्याबरोबरच आपल्या मोऱ्यांचें आणि शौचकूपांचें पाणीहि येतें. उपनगरांत जमिनीखालीं दोन निरनिराळ्या वाहिन्या आहेत. एक मलवाहिनी, ती शुद्धिकेंद्राकडे जाते. दुसरी पावसाच्या पाण्याची. ती सरळ नाल्याला व नाल्यावाटे नदीला किंवा खाडीला मिळते. घरांतील मैलापाणी जेथें जेथें चुकून अथवा सोयीसाठीं दुसऱ्या वाहिनींत सोडलेलें असतें, तेथें तेथें अहवालांतील तो मोठा आंकडा आपल्या घरांतूनच निघालेला असतो. घाटकोपर किंवा मुलुंड येथील श्रोत्यांनीं आपल्या दारावरून नदी वाहत नाहीं म्हणून निश्चिंत राहूं नये. त्यांच्या नाल्यांचें पाणी ठाण्याच्या खाडींत जातें. आपल्या इमारतीचें पाणी कोणत्या वाहिनींत जातें, हा प्रश्न गृहसंस्थेच्या सभेंत विचारण्यास कोणत्याहि प्रयोगशाळेची गरज नाहीं.

शेवटीं दोन शेजारी तलावांची तुलना करून पुरें करतों. विहार १८६० च्या सुमारास पुरा झाला, पवई १८९० च्या सुमारास. दोन्ही मुंबईची तहान भागविण्यासाठींच बांधले. विहारच्या भोंवतीं अरण्य राखलें गेलें, आणि मुंबईचें बहुतेक पाणी तानसा, वैतरणा व भातसा यांच्याकडून येऊं लागलें तरी विहारचा लहानसा वाटा अजून चालू आहे. पवईचें पाणी पिण्याच्या उपयोगीं पडलें नाहीं. आज तें कारखान्यांच्या व आरे वसाहतीच्या इतर कामांपुरतें आहे. तलावाभोंवतीं वस्ती दाटली, सांडपाणी आंत आलें आणि जलपर्णीनें पाण्यावर हातपाय पसरले. दोन्ही तलावांवर पाऊस एकच पडतो, आणि अहवालहि दोहोंचे निघूं शकतात. फरक भोंवतालच्या जमिनीची राखण झाली कीं नाहीं एवढ्यापुरता आहे. अशी राखण कोठें ढिली पडली हें वेळेवर कळावें, यासाठीं हे अहवाल आहेत.

ते मंडळाच्या संकेतस्थळावर कोणासहि पाहावयास मिळतात. सुटीच्या एखाद्या दिवशीं घरांतील मोठ्या मुलांना जवळ घेऊन आपल्याला सर्वांत जवळच्या केंद्राचा आंकडा शोधावा. तो कोठला, केव्हांचा आणि कशाचा, हे तीन प्रश्न विचारावेत. आणि उत्तर मिळालें नाहीं तर एक पत्र मंडळाला व एक आपल्या नगरसेवकाला लिहावें.