लडाखचे गाजर



बाजाराच्या आवारात पोती वाहणाऱ्या हमालांची संघटना बांधण्यात माझी तीस वर्षे गेली. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण पोत्यावर बसून, उसन्या पुस्तकांतून झाले. एकदा हमालीचे दर वाढवून मागितले, तेव्हा एक व्यापारी हसून म्हणाला, "अहो, थंडीने गाजर गोड होते, तसा हालांनी माणूस घडतो!" त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. ते पुढे लडाखविषयी वाचताना सापडले.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे वर्षाचा पाऊस अवघा १०० मिलिमीटरच्या आसपास; आपल्या कोकणात आषाढातला एखादा दिवस तेवढा पाडून जातो. हिवाळ्यात पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरतो. मे महिन्यात पेरावे आणि जमीन गोठण्याआधी काढावे, एवढाच हंगाम.

गाजराचे बी बारीक, म्हणून ते अगदी वरवर पेरतात. मातीत २० अंशांची ऊब असेल तर ते आठवड्यात उगवते. १० अंशांत सतरा-एक दिवस लागतात. तोवर वरचा थर ओला राहिला पाहिजे. ओल तुटली की पेरणी फुकट गेली. आणि पेच इथेच आहे! पाणी यायचे ते उंचावरच्या बर्फातून, आणि तो बर्फ भरपूर वितळतो जूनमध्ये. पेरणीच्या वेळी पाटाला पाणी थोडे, मागणारे पुष्कळ.

मग वरच्या शेतकऱ्याने पाट फोडावा काय? तिथली गावे पाणी वाटण्यासाठी एक माणूस नेमतात. त्याला चुरपोन म्हणतात. कोणाची पाळी केव्हा, हे तो पाहतो. शेवटच्या शेताचीही पाळी येते. चेवांग नोर्फेल या अभियंत्याने १९८७ पासून आणखी एक वाट दाखवली. हिवाळ्यात वाया जाणारे पाणी गावाजवळच्या सावलीच्या उतारावर वळवायचे, दगडी बांध घालून संथ करायचे, म्हणजे ते तिथेच थराथराने गोठते. हा बर्फ खालच्या अंगाला असल्याने लवकर वितळतो, आणि ऐन पेरणीला पाणी मिळते.

पुढे शरदातली थंडी गाजराला गोड करते, हे खरेच. गारठ्यात पेशींतले पाणी सहजी गोठू नये म्हणून त्यात साखर वाढते. मग गाजरे जमिनीतल्या खड्ड्यात पुरून ठेवतात, ती हिवाळाभर पुरतात.

तेव्हा त्या व्यापाऱ्याला माझे उत्तर असे: थंडीने गाजर गोड होते, पण कोणते? ज्याला पेरणीच्या वेळी वाट्याचे पाणी मिळाले, ते. ज्याला मिळाले नाही ते गोड होत नाही, ते उगवतच नाही. कष्टांनी माणूस घडतो असे सांगणाऱ्याने आधी त्याच्या वाट्याचे पाणी सोडले आहे काय, एवढे आपण विचारीत जावे.